कोठी एकीची, शेगडी दुसरीची

१२ जून

जाऊबाईंना धाकटीचा नमस्कार. इथूनच वाकते, तिथे पोचला असं समजा.

आम्ही तिघंही सुखरूप पोचलो. कागद गिरणीने दिलेलं घर म्हणजे दोन खोल्या आणि मागे न्हाणीघर. स्वयंपाकघरात भिंतीला फळ्या, आणि फळ्यांच्या बरोबर खाली शेगडी. म्हणजे कोठी आणि शेगडी एकाच खोलीत! पहिल्या दिवशी सकाळी मी सवयीने रिकामं ताट घेऊन उंबऱ्यात जाऊन उभी राहिले. कन्या म्हणाली, "आई, कुणाची वाट बघतेस?" काय सांगणार, कप्पाळ!

राग मानू नका, पण मला फार मोकळं वाटतंय. लग्न होऊन घरात आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी मला शेगडीपाशी बसवलं आणि म्हणाल्या, "कोठी थोरलीची, शेगडी तुझी. तिने शेगडीला हात लावायचा नाही, तू कोठीत पाय ठेवायचा नाहीस. या घरात असंच चालत आलंय." तेव्हापासून बावीस वर्षं रोज सकाळी मी उंबऱ्याच्या अलीकडे ताट घेऊन, तुम्ही पलीकडे मापटं घेऊन. मी म्हणायचं तीन मापटी तांदूळ, तुम्ही द्यायची दोन. इथला वाणी मात्र देवमाणूस आहे हो. मी जे जितकं म्हणेन ते तितकं देतो, वर हसतो.

सगळं अगदी बेताचं आणलंय, काळजी नसावी. पलंगाखालची जागा उगाच वाया जात होती, तीही कामी आली.

यांना मोठ्या यंत्रावर फिटरचं काम मिळालंय. सध्या डिसेंबरअखेरपर्यंतच. पुढचं पुढे बघू.

मोकळा श्वास घेणारी,
धाकटी

२८ जून

धाकटे,

तुझं पत्र आधी मी वाचलं, मग यांनी, मग चिरंजीवांनी, आणि शेवटी आपल्या बहिऱ्या काकींना ओरडून वाचून दाखवलं तेव्हा समोरच्या घरातल्यांनीही ऐकलं. तेव्हा यापुढे 'मोकळं वाटतंय' वगैरे लिहायचं असेल तर बारीक अक्षरात लिहीत जा.

इकडे आम्ही मजेत आहोत. शेगडी आता मीच बघते. इतकी वर्षं तू तिथे घाम पुसत काय करायचीस कोण जाणे, मला तर त्यात काही विशेष दिसलं नाही. खाली जाळ, वर भांडं. पहिल्या दिवशी हे बराच वेळ ताटाकडे बघत राहिले, मग हळूच म्हणाले, "असं मी जन्मात खाल्लं नव्हतं." चिरंजीव तर इतके भारावले की अर्ध्या जेवणातून उठून बाहेरच गेले. काकींनी दातांचं निमित्त सांगून दूध-पाव घेतला. त्यांना दात नाहीत हे खरं, पण तुझ्या वेळी त्यांनी हाडंसुद्धा सोडली नव्हती, हे माझ्या लक्षात आहे.

एक मोठी बातमी आहे. वाचनालयात बायकांची बैठक भरते ना, तिथे मला भाषणाला बोलावलंय! विषय आहे, 'घरांनी प्रपंच कसा चालवला: काल आणि आज'. मी सुरुवात थेट आजेसासूबाईंपासून करणार. टंचाईचा काळ, घरात खाणारी तोंडं ढीगभर, आणि त्या माउलीने काय डोकं चालवलं! सासूबाईंच्या हाती कोठी दिली आणि त्यांच्या जावेच्या, म्हणजे आपल्या काकींच्या, हाती शेगडी. देणारीला चवीचा मोह नाही, रांधणारीला साठ्याचा लोभ नाही. पाणी, सरपण, तेल, साबण, सगळं मोजून. जगात कुठल्या घराने अशी काटकसर केली असेल? मी तर ऐटीत सांगणार आहे.

तुझ्या त्या देवमाणसापासून जरा जपून. हसणारा वाणी मला कधीच बरा वाटलेला नाही.

कोठीवाली आणि आता शेगडीवालीही,
थोरली

२० जुलै

जाऊबाई,

भाषणाचं वाचून फार आनंद झाला. अगदी ऐटीत सांगा.

हे पत्र माझ्यासाठी नाही, एका शेजारणीसाठी लिहितेय. बिचारी भोळी आहे. घरात माणसं तीन, आणि तिने तांदळाची दोन पोती, डाळीचं एक आणि कांद्यांची तर रास आणून ठेवलीय. आता तांदळात किडे झालेत. रात्री निजलं की पलंगाखालून बारीक करकर आवाज येतो म्हणते. कांद्यांना हिरवे कोंब फुटलेत, तिचा नवरा म्हणतो की खोलीत शेती केलीस. तेलाचा डबा ठेवायला जागा नाही म्हणून तो न्हाणीघरात, आणि तिच्या मुलीने परवा त्याच तेलावरून घसरून कोपर फोडून घेतलं. तर अशा बाईने काय करावं? तुम्हाला कोठीतलं कळतं म्हणून विचारते. मला काय, माझं सगळं बेतात आहे.

आणखी एक. गिरणीवाले म्हणतायत, कायमचे राहा. घरही आपलंच होईल. वर्ष संपायच्या आत हो की नाही सांगायचंय. एकदा हो म्हटलं की झालं, मग तिकडे यायचं ते सुट्टीपुरतंच. हे माझ्या तोंडाकडे बघतात आणि मी छताकडे.

शेजारणीचं तेवढं लवकर कळवा. ती फार घायकुतीला आलीय.

धाकटी

९ ऑगस्ट

धाकटे,

तुझ्या शेजारणीला माझ्याकडून दोन धपाटे घाल. मग सांग, तांदूळ उन्हात चादरीवर पातळ पसर, किडे आपोआप पळतात. मग चाळ, डबे कोरडे कर, त्यात सुक्या मिरच्या टाकून झाकणं घट्ट लाव. जास्तीचं सगळं चार घरी वाटून टाक. कोंब फुटलेले कांदे आधी संपव. आणि तेल न्हाणीघरात ठेवणाऱ्या बाईला घर चालवायला कुणी दिलं, हेही विचार.

आता माझंही एक काम. वाचनालयातल्या एका बाईंची अडचण आहे. त्यांचा भात खालून काळा होतो आणि वरून कच्चा राहतो, एकाच वेळी. डाळीत पाणी वर, डाळ खाली, दोघींची ओळखच होत नाही. हेही एक वेळ चालेल, पण त्यांचं जेवण पुरतच नाही. माणसं चार, त्या हिशेबाने मोजून काढतात, तरी तिसऱ्या ताटाला भांडं खरवडायची वेळ येते. पूर्वी तेवढ्यातच सात माणसं जेवून वर कामवालीला उरायचं. पूर्वी त्यांची धाकटी कसं पुरवायची, हे त्यांना काही केल्या उमगत नाही. काय करत होतीस, म्हणजे काय करत असेल ती?

गिरणीचं कळलं. छान आहे. कायमची नोकरी, कायमचं घर, आणखी काय पाहिजे माणसाला. वरच्या मजल्यावरच्या तुमच्या खोल्या मी रोज झाडते. धूळ बसते म्हणून झाडते, दुसरं काही नाही.

थोरली

२ सप्टेंबर

जाऊबाई,

तुमचे हे, म्हणजे आमचे दादा, छापखान्यासाठी कागद घ्यायला गिरणीत आले होते, ते काल परत निघाले. दोन दिवस आमच्याकडे राहिले. पहिल्या रात्री पानावर बसले आणि नुसता डाळ-भात बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, कांदा झोंबला का? म्हणाले, "नाही गं, शिजलाय." मग त्यांनी पाच वेळा भात घेतला आणि सगळं सांगितलं. वाचनालयातली बाई कोण तेही, चिरंजीव खाणावळीत जेवतात तेही, आणि काकी उशीखाली बिस्किटं ठेवतात तेही. मी इतकी हसले, इतकी हसले, की यांनी पाण्याचा पेला आणून दिला.

आणि मग रात्री रडले. का ते लिहितेच आता, अक्षर बारीक करणार नाही, ऐकू दे समोरच्या घराला.

बावीस वर्षं मी रोज सकाळी ताट पुढे करून उभी राहिले, जाऊबाई. स्वतःच्या घरात. कन्या तापाने फणफणली होती त्या पहाटे तिला साखरपाणी द्यायचं तर मला तुम्हाला उठवावं लागलं. तुम्ही लगेच उठलात, दोन चमचे जास्तच दिलीत, मला ठाऊक आहे. पण मागावी लागली. तुम्ही एक दिवस तरी उंबऱ्याच्या अलीकडे उभं राहून बघायचं होतं. तुमचं ते भाषण, ती काटकसर, सगळं खरं असेल. पण माझ्या हातात कधी काही नव्हतं.

म्हणून मी यांना सांगितलंय, कायमचं घ्या. किडे तर किडे, माझे तरी असतील.

धाकटी

१५ सप्टेंबर

धाकटे,

हसलीस ना? हस. ह्यांनीही आल्या आल्या सगळं सांगितलं. तुझ्या पलंगावरून पाय खाली सोडायला जागा नाही, झोपताना उडी मारून चढावं लागतं. शेजारीण म्हणे! तुझ्या शेजारी तर एक विधुर हेडक्लार्क राहतो.

तुझं कुठे चुकलं ते सांगू? तुला दोन मापटी हवी असायची, तू तीन म्हणायचीस, कारण थोरली कापणार हे तुला पक्कं ठाऊक. आता वाण्यापुढे उभी राहून तू तीनच म्हणतेस, आणि तिथे कापायला थोरली नाही! तो मेला हसेल नाही तर काय करेल? आणि माझं कुठे चुकतं तेही मला कळलंय. मी हात आखडून द्यायची, कारण तू काय वाटेल ते करून पुरवशील हे मला ठाऊक. आता हात आखडणारी मीच आणि पुरवणारीही मीच, आणि मला पुरवता येत नाही.

आणि उंबऱ्याच्या अलीकडे उभी होतीस म्हणतेस? मी पलीकडे होते. एकटी. उंदरांबरोबर. बावीस वर्षांत एकही पाहुणा जेवून उठताना म्हणाला नाही, "वा, वहिनी, काय मोजलंय!" सगळं कौतुक तुझ्या हाताच्या चवीचं. 'धाकटीच्या हातचं' म्हटलं की माझा स्वतःचा नवरा पाट ओढून बसायचा. मी कोण? कापणारी. चिक्कू. पोरंसुद्धा खाऊ मागायला तुझ्याकडे यायची आणि नाही म्हणायला मला पुढे करायचीस तू. मला वाटायचं नसेल का, की एकदा तरी आपण काहीतरी शिजवावं आणि कुणीतरी बोटं चाटावीत?

घ्या कायमचं. खुशाल घ्या. वरच्या खोल्या मी भाड्याने देते.

थोरली

१८ नोव्हेंबर

धाकटे,

दोन महिने झाले, तुझं पत्र नाही. रागावलीस हे कळलं. मीही रागावलेच होते. पण काल माझं भाषण झालं, आणि ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, तेव्हा राग बाजूला ठेवून वाच. नंतर परत उचल हवा तर.

वाचनालयाचा वरचा मोठा दिवाणखाना भरला होता. काकींनी हट्टच धरला, मलाही यायचंय. त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली. ऐकू येत नाही म्हणून कानामागे हात. मी उभी राहिले, घसा खाकरला आणि सुरू केलं: "आमच्या आजेसासूबाईंच्या काळात भयंकर टंचाई होती..."

काकी मोठ्यांदा म्हणाल्या, "कसली टंचाई? धान्य ठेवायला जागा नव्हती!"

बायका हसल्या. मी म्हटलं, काकी, मी सांगते ना. तर उठूनच उभ्या राहिल्या आणि सभेकडे वळून म्हणाल्या, "हिला काय माहीत? मी आणि हिची सासू बोलत नव्हतो. एका आरशावरून भांडलो. तिच्या खोलीत लावायचा की माझ्या. वर्ष उलटलं तरी एकमेकींचं तोंड बघेना. घरात दोन शेगड्या, दोन फडताळं, नवरे दोन्हीकडे थोडं थोडं जेवायचे आणि पोटदुखीने विव्हळायचे. मग आमच्या सासूने काय करावं? एक शेगडी विकूनच टाकली! सगळं धान्य कोठीत कोंबलं, कोठी तिला दिली आणि शेगडी मला. म्हणाली, 'आता एकमेकींशी बोलल्याशिवाय जेवून दाखवा.'"

मी खालीच बसले, धाकटे. खुर्चीवर नाही, मंचाच्या कडेवर. कुणीतरी विचारलं, "मग?"

"मग काय, पहिल्या दिवशी सगळे उपाशी. दुसऱ्या दिवशी तिने न बोलता तांदूळ उंबऱ्यावर ठेवला, मी न बोलता परत ढकलला. तिसऱ्या दिवशी पोरं रडायला लागली. मग मी म्हटलं, 'तीन.' ती म्हणाली, 'दोन घे.' झालं! सुरू झालो ते तिचे डोळे मिटेपर्यंत बोलत होतो. नवऱ्याशी बोलले नाही तेवढं तिच्याशी बोलले मी." एवढं म्हणून काकी बसल्या, आणि मग हळूच म्हणाल्या, "आता कुणाला मागू?" त्यांना वाटलं हळू बोलल्या. सगळ्या दिवाणखान्याला ऐकू गेलं.

माझं भाषण तिथेच संपलं. टाळ्या खूप झाल्या, पण त्या काकींच्या होत्या. मला मेलीला काटकसर, माउलीचं डोकं, काय काय बोलायचं होतं! म्हातारीने ते धान्य वाचवायला केलंच नव्हतं. दोघींना बोलतं ठेवायला केलं होतं. ते कारण कुणी सांगितलं नाही, आणि आपण दोघी मात्र त्या मापट्याला कुरवाळत राहिलो आणि आतल्या आत कुढत राहिलो. एक दिवस नीट भांडलो असतो तर काय बिघडलं असतं? सप्टेंबरात तुला ते पत्र टाकलं आणि त्या रात्री बावीस वर्षांत लागली नव्हती अशी झोप लागली.

आता सरळ लिहिते. परत या. वर्ष संपायला आलंय, तुम्ही हो म्हणून टाकलं असेल तर माझं बोलणं वाया. तसं असलं तरी लिहिते. वरच्या मजल्यावर तुझी स्वतःची शेगडी, तुझी स्वतःची कोठी. मी तिथे डोकावणार नाही. तू पोतं आण नाही तर गाडी भरून आण. मला तुझ्या हातचा भात हवाय हे खोटं नाही, ह्यांची तर हाडं दिसायला लागलीत. पण भाताचं जाऊ दे. सकाळ झाली की मी कोठीचं दार उघडून उभी राहते आणि कुणी येत नाही. घर खायला उठतं गं. भांडायला तरी ये.

तुझी,
थोरली

३० नोव्हेंबर

जाऊबाई,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी शेगडीपाशी होते. वाचता वाचता भात करपला. माझा! यांनी तो खाल्ला आणि म्हणाले, "आज दादाची आठवण आली."

आता ऐका. आम्ही हो म्हटलेलंच नाही. तुमचं ते सप्टेंबरातलं रागाचं पत्र आलं ना, उंदरांचं, ते मी दोनदा वाचलं. मला वाटायचं तुम्ही आत राणीसारख्या उभ्या असायचात. तुम्हालाही कुढायला होत असेल हे माझ्या टाळक्यात कधी आलंच नाही. त्याच आठवड्यात हे गिरणीत जाऊन सांगून आले की आम्ही नाही राहत. डिसेंबर सरला की निघणार.

मग दोन महिने कळवलं का नाही, म्हणाल. बसल्या बसल्या शाई वाळली, पण लिहिलं नाही. मुद्दाम. बावीस वर्षं मी मागत आले आणि तुम्ही देत आलात. साखर, तेल, साबणाची वडी, सगळं. तुम्ही माझ्याकडे कधी काही मागितलं नाहीत. मला वाटायचं, यांना माझ्याकडून काही नकोच असतं. म्हटलं, एकदा तरी या बाईने मागू दे. नाही मागितलं तर मुकाट्याने येऊ आणि तोंड वाकडं करून राहू, पण आधी वाट बघू. रोज टपालवाल्याची वाट बघत दारात उभी राहायची, कन्या म्हणायची, आई, परत सुरू झालं का तुझं?

तुम्ही मागितलंत. माझ्या डोळ्यांचं पाणी अजून खळत नाहीये, आणि या वेळी कांदा घरात नाही, सगळे वाटून टाकले.

वरची शेगडी आणि वरची कोठी मात्र मी घेणार, ते सोडायची नाही. काकींना ओरडून सांगा, बिस्किटं उशीखालून काढा, आम्ही जानेवारीत येतोय. आणि तुम्ही एक करा. आम्ही पोचू त्या दिवशी स्वयंपाक तुम्ही करायचा, जसा येईल तसा. मी खाईन, आणि बोटं चाटीन. खोटी चाटणार नाही, चव लागेपर्यंत रोज खाली जेवायला येईन. चांगलं नसेल तर तोंडावर सांगेन, मग भांडू.

तुमचीच,
धाकटी